4 जुलैचा फळा: अमेरिकेच्या इतिहासातला एका दिवसाचा दिनविशेष कसा तयार करावा

आमच्या शाळेत परिपाठाआधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात दिनविशेष लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. एका 4 जुलैला मी लिहिलं: ‘1776 – अमेरिका स्वतंत्र झाली. 13 वसाहतींच्या प्रतिनिधींनी एकमताने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या.’ कुणीतरी फोटो काढून माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. रात्री तिकडून, अमेरिकेतून, एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला: ‘सर, दोन वाक्यांत तीन चुका.’

मला राग आला. मग वही काढून बसलो, आणि तीनही चुका खऱ्या निघाल्या. तारीख बरोबर होती, साल बरोबर होतं. चुकली होती ती क्रियापदं. ‘झाली’ चूक, ‘केल्या’ चूक आणि वर ‘एकमताने’ही चूक. त्या दिवसापासून मी दिनविशेष ज्या पद्धतीने करतो ती इथे मांडतोय. उदाहरणाला 4 जुलैच घेतो, कारण घसरायच्या जवळजवळ सगळ्या जागा या एका तारखेत सापडतात. शाळेचा फळा, महाराष्ट्र मंडळाचं वार्तापत्र, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स, कशासाठीही करत असाल तरी पद्धत हीच चालेल.

पायरी 1: कच्ची यादी, पण पाच रकान्यांत

आधी मिळेल तिथून सगळं गोळा करा: विश्वकोश, अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचं ‘आज इतिहासात’ हे सदर, जुनी कात्रणं. या टप्प्यावर खरं-खोटं करू नका. वहीच्या पानावर पाच रकाने आखा: साल, कोण, नेमकं काय केलं, कुठे, आणि किती वाजता. चौथा आणि पाचवा रकाना लोक गाळतात आणि पुढे तिथेच फसतात.

4 जुलैची माझी कच्ची यादी तीस ओळींच्या पुढे गेली होती. 1817 ला न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावी ईरी कालव्याची पहिली कुदळ. 1826 ला माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफर्सन यांचं निधन, दोघांचंही एकाच दिवशी. 1831 ला आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, जेम्स मन्रो गेले. 1863 ला व्हिक्सबर्गची शरणागती. 1872 ला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या कॅल्व्हिन कूलिज यांचा जन्म. 1910 ला रीनोत मुष्टियुद्धात जॅक जॉन्सनने जिम जेफ्रीजला हरवलं. 1939 ला यांकी स्टेडियमवर बेसबॉलपटू लू गेरिगचं निरोपाचं भाषण. 1946 ला फिलिपीन्सचं स्वातंत्र्य. 1997 ला मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान. आणि अर्थातच 1776.

अमेरिकन साहित्य वाचत असाल तर एक सावधगिरी आत्ताच घ्या. तिकडे महिना आधी लिहितात. 7/4 म्हणजे त्यांचा 4 जुलै आणि आपला 7 एप्रिल. कच्च्या यादीत महिना अक्षरांतच लिहा, आकड्यांत कधीच नको.

पायरी 2: प्रत्येक ओळीचं क्रियापद तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. ठराव मांडला, मतदान झालं, मजकूर मंजूर झाला, छापला, लोकांसमोर वाचला, सही झाली, अंमल सुरू झाला, ही सात वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची तारीख वेगळी असू शकते. आपल्याला हे नवीन नाही. भारताची राज्यघटना संविधान सभेने स्वीकारली 26 नोव्हेंबर 1949 ला, सदस्यांनी सह्या केल्या 24 जानेवारी 1950 ला, आणि ती पूर्णपणे अमलात आली 26 जानेवारीला. ‘26 जानेवारीला घटनेवर सह्या झाल्या’ असं फळ्यावर आलं तर आपण लगेच खोडू. तीच नजर तिकडेही हवी.

1776 चा उन्हाळा या नजरेने बघू. 7 जूनला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली यांनी फिलाडेल्फियातल्या काँटिनेंटल काँग्रेसपुढे, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेपुढे, स्वातंत्र्याचा ठराव मांडला. त्यावर मत झालं 2 जुलैला: 12 वसाहती बाजूने, न्यूयॉर्क तटस्थ, कारण त्यांच्या प्रतिनिधींना घरून तशी परवानगीच आलेली नव्हती. ब्रिटनपासून तुटण्याचा निर्णय तो हा. जॉन अ‍ॅडम्सने 3 जुलैला बायकोला, अ‍ॅबिगेलला, लिहिलं की 2 जुलै हा दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा आणि रोषणाईने साजरा करतील. साजरा कसा होणार ते त्याने अगदी बरोबर सांगितलं. तारीख दोन दिवसांनी हुकली.

मग 4 जुलैला काय झालं? निर्णय का घेतला हे सांगणाऱ्या जाहीरनाम्याचा मजकूर काँग्रेसने मंजूर केला. मसुदा मुख्यतः जेफर्सनचा, काटछाट काँग्रेसची. त्या रात्री जॉन डनलॅप या छापखानेवाल्याने त्याच्या साधारण 200 प्रती काढल्या, असं मानतात. त्यावर सह्या नव्हत्या. अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव चार्ल्स थॉमसन यांची नावं फक्त छपाईच्या खिळ्यांत (टाइपात) जुळवलेली. (यातली एक प्रत 1989 ला पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात चार डॉलरला घेतलेल्या चित्राच्या चौकटीमागे निघाली आणि 1991 ला लिलावात 24 लाख डॉलरवर गेली. आपण जुन्या बाजारातून फार तर पितळी अडकित्ता घेऊन येतो.)

8 जुलैला फिलाडेल्फियात जाहीर वाचन झालं. 9 जुलैला न्यूयॉर्कने होकार दिला. म्हणजे ‘एकमताने’ हा शब्द त्याआधी वापरताच येत नाही, आणि काँग्रेसनेही वापरलेला नव्हता. 19 जुलैला, जाहीरनामा चर्मपत्रावर सुबक अक्षरांत उतरवून घ्यायचं ठरलं, तेव्हा ‘13 संयुक्त राज्यांचा एकमुखी जाहीरनामा’ असं शीर्षक आलं. बहुतेकांनी सह्या केल्या त्या 2 ऑगस्टला, काहींनी त्यानंतर. एकूण 56.

आता मजा बघा. जेफर्सन आणि अ‍ॅडम्स दोघंही म्हातारपणी ठामपणे सांगत की सह्या 4 जुलैलाच झाल्या. प्रत्यक्ष हजर असलेली माणसं! गोंधळाचं मोठं कारण छापील इतिवृत्त होतं: काँग्रेसच्या कामकाजाच्या प्रसिद्ध झालेल्या खंडात सह्यांची नावं 4 जुलैच्या नोंदीखालीच दिलेली होती. 1821 ला गुप्त कामकाजाची नोंदवही छापून आली तेव्हा 19 जुलै आणि 2 ऑगस्ट या नोंदी सर्वांसमोर आल्या. म्हणून माझा नियम: आठवण आणि त्या दिवशीचा कागद यांचं भांडण लागलं तर कागदाला झुकतं माप. आणि कागदसुद्धा छापला कधी, ते बघून.

क्रियापदाची हीच तपासणी बाकीच्या ओळींना लावा. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा 4 जुलै 1884 चा म्हणून बऱ्याच याद्यांत असतो. त्या दिवशी पॅरिसमध्ये तो अमेरिकेच्या प्रतिनिधीकडे समारंभाने सोपवला, इतकंच. न्यूयॉर्कच्या बंदरात तो पोचला जून 1885 ला आणि अनावरण झालं 28 ऑक्टोबर 1886 ला. नागरिकांना सरकारी कागद मागण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 4 जुलै 1966 ला सही केली, तीही नाखुशीने आणि समारंभाशिवाय. लागू व्हायला एक वर्ष गेलं. आपल्या माहिती अधिकाराची तारीख आपण 12 ऑक्टोबर 2005, म्हणजे अंमलाची, सांगतो. तुलना करायची असेल तर सहीशी सही किंवा अंमलाशी अंमल जोडा.

पायरी 3: घड्याळ कुठलं आणि पंचांग कुठलं

माणूस चंद्रावर उतरला त्याची तारीख अमेरिकेत 20 जुलै 1969. नील आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा तिकडे पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे 10:56 झाले होते. आपल्याकडे 21 जुलैची सकाळ होती, 8:26. पर्ल हार्बरवरचा हल्ला अमेरिकेसाठी 7 डिसेंबर 1941, जपानसाठी 8 डिसेंबर. दोन्ही बरोबर, फक्त कुणाचं घड्याळ ते सांगा.

4 जुलैच्या यादीत अशा दोन सुरेख ओळी आहेत, दोन्ही अंतराळातल्या. 2005 ला डीप इम्पॅक्ट यानाने सोडलेला गोळा टेंपल-1 या धूमकेतूवर आदळला. वॉशिंग्टनमध्ये 4 जुलैची पहाट उजाडायची होती, रात्रीचे 1:52. पण कॅलिफोर्नियातल्या ज्या पॅसाडेनातून मोहीम चालवली जात होती तिथे अजून 3 जुलैच होता, रात्री 10:52. 2016 ला उलट. जूनो यान गुरूभोवतीच्या कक्षेत शिरलं ते पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात 4 जुलैला रात्री 11:53 वाजता, मध्यरात्रीला सात मिनिटं कमी असताना. आपल्याकडे 5 जुलैचे सकाळचे 9:23 झाले होते. फळा अमेरिकेच्या इतिहासाचा असेल तर घड्याळ घटना घडली त्या गावचं, आणि अंतराळात घडली तर वॉशिंग्टनचं, असा मी पायंडा पाडलाय. तुम्ही दुसरा पाडा, पण एकच पाडा.

1752 च्या आधीच्या तारखांना पंचांगाचाही घोळ आहे. त्या वर्षी ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी जुनी दिनदर्शिका सोडून नवी घेतली; 2 सप्टेंबरला झोपलेली माणसं 14 सप्टेंबरला उठली. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म जुन्या पद्धतीने 11 फेब्रुवारी 1731, नव्याने 22 फेब्रुवारी 1732. सालही बदललं, कारण जुनं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. जेफर्सनच्या थडग्यावर आजही 2 एप्रिल 1743 अशी जुनी तारीख कोरलेली आहे, आणि वाढदिवस मात्र 13 एप्रिलला धरतात. शिवजयंती तिथीने की तारखेने, यावरचे वाद ऐकत वाढलेल्या माणसाला यात चकित होण्यासारखं काही नाही.

पायरी 4: शेजारचे दिवस उघडून बघा

प्रसिद्ध तारखेच्या आसपासच्या घटना तिच्याकडे खेचल्या जातात. ‘गुलामाला तुमच्या 4 जुलैचं काय?’ असा सवाल करणारं, गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचं भाषण हमखास 4 जुलैखाली टाकतात. ते झालं 5 जुलै 1852 ला, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये. त्या वर्षी 4 जुलै रविवारी आला होता. पण 5 तारखेला आणखी खोल अर्थ आहे. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली 4 जुलै 1827 ला, आणि न्यूयॉर्क शहरातल्या कृष्णवर्णीयांची मोठी मिरवणूक निघाली ती 5 जुलैला. ज्या दिवशी गोरे स्वातंत्र्य साजरं करत त्याच दिवशी आपण रस्त्यावर उतरणं धोक्याचं होतं, शिवाय त्या उत्सवात आपला वाटा किती, हा प्रश्न होताच. तारीख एका दिवसाने सरकवली की हा सगळा अर्थ पुसला जातो.

अमेरिकन यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई 1 ते 3 जुलै 1863. 4 जुलैला तिथे मोठी लढाई झाली नाही. दक्षिणेचा जनरल रॉबर्ट ली दिवसभर थांबला आणि रात्री पावसात त्याचं सैन्य माघारी निघालं. त्याच दिवशी शेकडो मैल दूर, मिसिसिपी नदीवरच्या व्हिक्सबर्गला 47 दिवसांचा वेढा संपून दक्षिणेच्या जनरल पेंबर्टनने उत्तरेच्या जनरल ग्रँटपुढे शस्त्रं ठेवली. दोन बातम्या एकाच दिवसाच्या, पण वॉशिंग्टनला व्हिक्सबर्गची खबर मिळाली 7 जुलैला. म्हणून जुन्या वर्तमानपत्रांत शोधताना त्याच दिवसाचा अंक उघडून ‘बातमीच नाही’ म्हणत बसू नका. पुढचा आठवडाभर चाळा. काँग्रेसच्या ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचायला ठेवली आहेत, आणि वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स, जेफर्सन यांची पत्रं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर तारखेने शोधता येतात.

पायरी 5: गोड गोष्टींवर फुली

पुढच्या गोष्टी तुम्हाला हमखास भेटतील. इंग्लंडच्या राजाने, तिसऱ्या जॉर्जने, त्या दिवशी डायरीत लिहिलं, ‘आज विशेष काही घडलं नाही.’ राजा डायरी ठेवतच नव्हता. 4 जुलैला लिबर्टी बेल घणघणली. ही 1847 साली छापलेल्या एका कल्पित कथेची देणगी. अमेरिकन संसदभवनातलं जॉन ट्रंबल यांचं भव्य चित्र म्हणजे सह्यांचा प्रसंग. नाही, मसुदा समिती कागद टेबलावर ठेवतेय, तो प्रसंग आहे. दोन डॉलरच्या नोटेमागेही तेच चित्र आहे, म्हणून गैरसमज खिशाखिशांत पोचला.

चौथी गोष्ट मला स्वतःला खोडताना वाईट वाटलं. मरणाऱ्या अ‍ॅडम्सचे शेवटचे शब्द: ‘थॉमस जेफर्सन अजून आहे.’ जेफर्सन तेव्हा मॉन्टिचेलो या आपल्या घरी काही तास आधीच, दुपारी एकच्या सुमारास, गेला होता. अ‍ॅडम्स संध्याकाळी सहाच्या सुमारास क्विन्सीत. तो तसं काही पुटपुटला हे जवळच्यांनी सांगितलं, पण वाक्याचा शेवटचा भाग नीट ऐकू आला का, याबद्दल शंका आहे. अशी ओळ घ्यायचीच तर ‘असं सांगतात’ जोडून घ्या. दोघांचं निधन मात्र निखळ खरं, आणि तेही जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वर्षदिनी. तिथे मीठमसाल्याची गरजच नाही.

आणि तो भयंकर उकाडा, घामाघूम झालेले पुढारी? जेफर्सनला हवामान टिपायची हौस होती. 4 जुलै 1776 ला त्याने नवीन थर्मामीटरचे पैसे दिल्याची नोंद त्याच्या हिशेबवहीत आहे, आणि त्याच दिवशीचे आकडेही त्याने लिहिलेत: सकाळी सहाला 68 अंश फॅरनहाइट, दुपारी एकला 76. म्हणजे आपले 20 आणि साधारण 24.4 अंश. महाबळेश्वरची हवा! त्याच पानावर बायकांच्या हातमोज्यांच्या सात जोड्यांचा खर्चही आहे. मला हा तपशील घंटानादापेक्षा कितीतरी जास्त आवडतो, आणि फळ्यावर लिहिला तर पोरंसुद्धा थांबून वाचतात.

पायरी 6: योगायोग आणि मुहूर्त वेगळे करा

उरलेल्या ओळींपुढे ‘यो’ किंवा ‘मु’ लिहा. तीन राष्ट्राध्यक्षांचं 4 जुलैला मरण, हा योगायोग. पण कालव्याची कुदळ, कोनशिला, झेंडा, हे मुहूर्त बघून. आपण पाडवा आणि दसरा गाठतो तसे ते 4 जुलै गाठतात. झेंड्याचं तर कायद्यानेच ठरलंय: 1818 पासून नवं राज्य आलं की त्याचा तारा त्यानंतरच्या 4 जुलैला झेंड्यात येतो. अलास्का आणि हवाई दोन्ही 1959 ला सामील झाली, पण अलास्का जानेवारीत आणि हवाई ऑगस्टमध्ये. म्हणून 49 ताऱ्यांचा झेंडा जेमतेम एक वर्ष टिकला आणि 4 जुलै 1960 ला 50 ताऱ्यांचा आला. फिलिपीन्सला स्वातंत्र्य देतानाही अमेरिकेने हाच दिवस निवडला. फिलिपिनी लोकांनी 1962 पासून आपला स्वातंत्र्यदिन 12 जूनला नेला. दुसऱ्याच्या मुहूर्तावर आपलं लग्न कोण लावून घेईल? व्हिक्सबर्ग मधोमध आहे: पेंबर्टनचं म्हणणं असं की आपल्याला उत्तरेचे लोक माहीत आहेत, त्यांच्या सणाच्या दिवशी शरण गेलो तर अटी बऱ्या मिळतील.

मुहूर्ताच्या ओळींत माझी सगळ्यात लाडकी 1828 ची आहे. त्या दिवशी बाल्टिमोरला जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एकटे उरलेले चार्ल्स कॅरोल, वय 90, यांनी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या बांधकामाचा पहिला दगड बसवला. त्याच दिवशी वॉशिंग्टनजवळ राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स चेसापीक अँड ओहायो कालव्याची पहिली कुदळ मारत होते. फावडं मुळावर आपटलं. पुन्हा मारलं, पुन्हा आपटलं. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी कोट काढून बाजूला टाकला आणि जोर लावून माती उचलली, तेव्हा गर्दीने जल्लोष केला. हे त्यांनी स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलंय. पश्चिमेकडे आधी कोण पोचणार, याची ही शर्यत होती. कंबरलँड गावाला रेल्वे पोचली 1842 ला, कालवा 1850 ला.

पायरी 7: निवडा आणि लिहा

फळ्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको. मी निवडताना एकच बघतो: सगळ्या ओळी राष्ट्राध्यक्षांच्या आणि लढायांच्या तर होत नाहीत ना. एक यंत्राची, एक खेळाची, आणि एक अशी हवी की जिच्यामुळे सणाची दुसरी बाजू दिसेल. रीनोतली 1910 ची लढत घेतली तर नुसतं ‘जॉन्सन जिंकला’ लिहून थांबू नका. कृष्णवर्णीय विजेता झाला म्हणून त्या रात्री अनेक शहरांत दंगली उसळल्या, हेही लिहा. जन्म-मृत्यू शेवटी, आणि दोनच.

भाषेची पथ्यं थोडी. पहिल्या उल्लेखात ‘काँटिनेंटल काँग्रेस’ पूर्ण लिहा, नाहीतर आपल्याकडे काँग्रेस म्हटल्यावर दुसरंच चित्र उभं राहतं. 1776 च्या आधी ‘अमेरिका सरकार’ लिहू नका, ते नव्हतंच. मैलांचे किलोमीटर आणि फॅरनहाइटचं सेल्सियस करा. आणि खडू हातात घेण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून क्रियापदावर थांबा.

हा माझा शेवटचा 4 जुलैचा फळा:

1776 – फिलाडेल्फियात काँटिनेंटल काँग्रेसने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर मंजूर केला. निर्णय 2 जुलैचा, सह्या 2 ऑगस्टपासून. दुपारचं तापमान: 24.4 अंश.
1826 – जेफर्सन आणि अ‍ॅडम्स यांचं काही तासांच्या अंतराने निधन.
1827 – न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली.
1828 – एकाच दिवशी रेल्वेचा पहिला दगड आणि कालव्याची पहिली कुदळ.
1939 – असाध्य आजाराने खेळ सोडावा लागलेल्या लू गेरिगचा यांकी स्टेडियमवर निरोप.
1960 – 50 ताऱ्यांचा झेंडा पहिल्यांदा अधिकृतपणे फडकला.

फोटो पुन्हा ग्रुपवर गेला. त्याच विद्यार्थ्याचं उत्तर आलं: ‘सर, जूनो राहिलं.’ मी कळवलं, ते उद्याच्या पानावर टाकू का, असा विचार चाललाय; आपल्या घड्याळात ते 5 तारखेचंच, आणि तिथे डग्लस आधीच येऊन बसलेत.